लॉर्ड केल्विन: दोन हजार व्होल्टला आरशाच्या तुकड्याने हरवणारा माणूस, आणि तुमच्या पीसीची साटा केबल

शून्य अंश सेल्सिअस म्हणजे २७३.१५ केल्विन. शाळेत एवढं पाठ केलं आणि पान उलटलं, असं आपल्यापैकी बहुतेकांचं झालंय. पण ज्या माणसाच्या नावावरून हे एकक आलं, त्याच्या आयुष्यातली मोठी लढाई तापमानासाठी नव्हती. ती होती एका डेटा केबलसाठी.

आता तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीच्या केबलचं आपल्याला काय? समजा, तुम्ही सिंधुदुर्गात आरोंद्याला राहता. घरातला जुना डेस्कटॉप चालू व्हायला पाच मिनिटं घेतो, म्हणून एसएसडी घ्यायचं ठरवलं. एसएसडीचे रिव्ह्यू तीन दिवस बघितले. आणि केबल? जी पहिली दिसली ती कार्टमध्ये टाकली. मग फाइल कॉपी होता होता अडकते, ड्राइव्ह मध्येच दिसेनासा होतो आणि शिव्या खातो एसएसडी. नवी केबल हवी तर सावंतवाडी गाठा, नाहीतर पुन्हा कुरियरची वाट बघा.

केबल म्हणजे नुसती तार, कुठलीही चालते, हा समज जुना आहे. १८५८ मध्ये याच समजापायी अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली तीन हजार किलोमीटरपेक्षा लांब केबल वाया गेली. ती का वाया जाणार, हे आधीच सांगणारा माणूस म्हणजे विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्विन.

दहाव्या वर्षी युनिव्हर्सिटीत

थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ चा, आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. वडील गणिताचे शिक्षक. विल्यम सहा वर्षांचे असताना आई गेली. वडिलांना ग्लासगो युनिव्हर्सिटीत प्रोफेसरची जागा मिळाली, म्हणून कुटुंब स्कॉटलंडला आलं आणि विल्यम यांनी दहाव्या वर्षीच त्या युनिव्हर्सिटीत नाव घातलं. त्या काळी तिथे हुशार मुलांना एवढ्या लहान वयात घेत असत.

किशोरवयातच त्यांच्या हाती फुरिए या फ्रेंच गणितज्ञाचं पुस्तक आलं. विषय होता उष्णता. लोखंडी सळईचं एक टोक तापवलं तर दुसऱ्या टोकापर्यंत ऊब कशी आणि किती वेळात पोचते, याचं गणित त्यात होतं. थॉमसन यांना ते इतकं आवडलं की सतराव्या वर्षाच्या आतबाहेर त्यांनी त्यावर लेख लिहून छापूनही आणला. हे गणित लक्षात ठेवा, पुढे हेच कामाला येणार आहे.

केंब्रिजचं शिक्षण आटोपून १८४६ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगोला प्रोफेसर झाले आणि त्याच खुर्चीवर ५३ वर्षं राहिले. निरपेक्ष तापमानाची कल्पना त्यांनी १८४८ मध्ये मांडली. आपल्या पाठ्यपुस्तकातला केल्विन तो हाच.

पाइप, माड आणि लांबीचा वर्ग

१८५० च्या दशकात समुद्राखालून तारा टाकायला सुरुवात झाली आणि एक विचित्र गोष्ट दिसली. जमिनीवर खांबांवरून जाणाऱ्या तारेतून संदेश टकाटक जात. समुद्राखालच्या तारेत मात्र एका टोकाला दिलेला छोटा ठोका दुसऱ्या टोकाला पसरून, लांबून, आळसावून बाहेर पडे. ठोके घाईने दिले की एकमेकांत मिसळत, काहीच वाचता येत नसे.

का होतं असं? माडांच्या बागेत शिंपायला लांब, मऊ रबरी पाइप वापरला असेल तर पटकन कळेल. नळ सोडला की आधी पाइप फुगतो, मग कुठे पलीकडे पाणी येतं. नळ बंद केला तरी शेवटच्या टोकातून पाणी ठिबकत राहतं. समुद्री केबलचंही तसंच. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं आवरण आणि बाहेर खारं पाणी. आत एक वाहक, बाहेर दुसरा वाहक, मध्ये इन्सुलेशन. म्हणजे अख्खी केबलच एक लांबलचक कपॅसिटर. ती आधी चार्ज होणार, मग पलीकडे सिग्नल देणार.

१८५४ मध्ये थॉमसन यांनी हे कोडं सोडवलं, तेही फुरिएचं उष्णतेचं गणित वापरून. सळईतून ऊब जशी पसरत जाते, तसाच या केबलमधून विजेचा ठोका पसरतो, हे त्यांनी दाखवलं. त्यातून नियम निघाला तो असा: उशीर लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. केबल दहापट लांब केली तर उशीर दहापट नाही, शंभरपट. हा उशीर कमी करायचा तर तांबं जाड आणि शुद्ध हवं, इन्सुलेशनही जाड हवं. नुसता जोर वाढवून भागणार नाही.

डॉक्टर विरुद्ध प्रोफेसर

१८५६ मध्ये अटलांटिक टेलिग्राफ कंपनी निघाली. आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी केबल टाकायची होती. कंपनीचे मुख्य इलेक्ट्रिशियन होते वाइल्डमन व्हाइटहाउस. मूळचे डॉक्टर, विजेचे प्रयोग हौसेने शिकलेले. त्यांना थॉमसन यांचा नियम मुळीच मान्य नव्हता. त्यांच्या मते बारीक तार पुरेशी होती आणि सिग्नल लांब पोचवायचा तर व्होल्टेज वाढवलं की झालं.

थॉमसन कंपनीचे संचालक झाले, तेही बिनपगारी. पण तोवर केबलची ऑर्डर घाईघाईत देऊन झाली होती. दर सागरी मैलाला तांबं फक्त १०७ पौंड, म्हणजे साधारण ४८ किलो. त्यांनी वेगवेगळ्या तारांचे नमुने तपासले तर एकाच जाडीच्या तारांमध्ये वीज वाहून नेण्याच्या क्षमतेत मोठा फरक निघाला. दिसायला सगळं तांबं सारखंच, आत भेसळ वेगवेगळी. तेव्हापासून केबलच्या कारखान्यात तांब्याची चाचणी व्हायला हवी, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

घाईचा आणखी एक नमुना बघा. केबलचे दोन अर्धे भाग दोन वेगळ्या कारखान्यांनी बनवले आणि बाहेरच्या लोखंडी तारांचा पीळ एकाने डावा दिला, दुसऱ्याने उजवा. दोन्ही जोडले की एकमेकांचा पीळ उलगडणार! शेवटी जोडावर लाकडी चौकट बसवून वेळ मारून न्यावी लागली. आजच्या भाषेत सांगायचं तर केबल आली, पण कम्पॅटिबिलिटी कुणी तपासलीच नव्हती.

१८५७ ची मोहीम केबल तुटून फसली. १८५८ च्या जूनमध्ये जहाज वादळात सापडून बुडता बुडता वाचलं. थॉमसन त्या जहाजावरच होते. अखेर ५ ऑगस्ट १८५८ ला दोन्ही किनारे जोडले गेले. राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना संदेश गेला. शब्द ९८, वेळ लागला सोळा तास. म्हणजे एका शब्दाला जवळपास दहा मिनिटं.

व्हाइटहाउस यांनी सिग्नल सुधारायला आपला आवडता उपाय केला. मोठमोठ्या कॉइल लावून सुमारे दोन हजार व्होल्ट केबलमध्ये ढकलले. आधीच कमकुवत असलेलं इन्सुलेशन त्याने आणखी खराब झालं आणि काही आठवड्यांतच केबल मुकी झाली. त्याआधी तिने एक काम मात्र केलं. भारतातला १८५७ चा उठाव शमत आल्यामुळे कॅनडातल्या ब्रिटिश पलटणींना परत बोलावण्याची गरज उरली नव्हती. तो हुकूम रद्द झाल्याची तार याच केबलमधून गेली आणि सरकारचे सुमारे पन्नास हजार पौंड वाचले. एका चांगल्या केबलची किंमत काय असू शकते, हे लंडनला तेव्हा कळलं.

ओरडू नका, नीट ऐका

व्हाइटहाउस व्होल्टेज वाढवत होते, तेव्हा थॉमसन यांनी अगदी उलटी वाट धरली. सिग्नल कमकुवत येतो ना? मग तो वाचणारं यंत्रच नाजूक करू. त्यांनी एका छोट्याशा आरशाला पाठीमागून बारीक लोहचुंबक चिकटवले, तो रेशमाच्या धाग्यावर टांगला आणि भोवती कॉइल ठेवली. केबलमधून अगदी किंचित करंट आला तरी आरसा हलायचा आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर डावी-उजवीकडे सरकायचा. हा मिरर गॅल्व्हानोमीटर.

१८५८ च्या त्या थोड्या दिवसांत जे संदेश खरोखर वाचता आले, ते याच आरशाने. व्हाइटहाउस आपल्या यंत्राने वाचल्याचं सांगत होते, पण आतून वापरत होते थॉमसन यांचाच आरसा. हे उघड झालं आणि त्यांची नोकरी गेली.

ही ओरडू नका, ऐका वाली कल्पना आज तुमच्या पीसीत आहे. जुन्या आयडीई केबलमध्ये सिग्नल ५ व्होल्टच्या घरात असायचा. साटा केबलमध्ये तो साधारण अर्ध्या व्होल्टचा असतो. सिग्नल दहापट लहान, वेग मात्र कितीतरी जास्त. कारण पलीकडची चिप नीट ऐकते आणि केबल तसं ऐकू येईल अशी बनवलेली असते.

ग्रेट ईस्टर्न मुंबईत

सरकारी चौकशी झाली आणि थॉमसन यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. १८६५ च्या नव्या केबलमध्ये दर सागरी मैलाला तांबं १०७ पौंडांवरून ३०० पौंडांवर गेलं, गटापर्चा २६१ वरून ४०० वर. ती टाकायला तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं जहाज, ग्रेट ईस्टर्न, घेतलं. ती केबलही अर्ध्याहून अधिक वाटेवर तुटून खोल समुद्रात गेली. पण २७ जुलै १८६६ ला नवी केबल पोचली, आणि मागाहून आदल्या वर्षीची हरवलेली केबलही तळातून गळ टाकून वर काढली, जोडली. वेग मिनिटाला आठ शब्दांच्या आसपास, म्हणजे १८५८ च्या जवळजवळ ऐंशीपट. त्याच वर्षी थॉमसन सर विल्यम झाले.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. १८७० च्या सुरुवातीला तेच ग्रेट ईस्टर्न मुंबई बंदरात आलं आणि फेब्रुवारीत तिथून एडनच्या दिशेने केबल टाकत निघालं. जूनपर्यंत मुंबई, एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत लाइन इंग्लंडला भिडली. बोटीच्या टपालाला लंडन गाठायला आठवडे लागत, तिथे आता तार काही तासांत पोचू लागली. पूर्वेच्या या केबलांवर थॉमसन यांचं पुढचं यंत्र कामाला लागलं, सायफन रेकॉर्डर. बारीक काचेच्या नळीतून शाई येऊन कागदी पट्टीवर सिग्नलची नागमोडी रेघ आपोआप उमटायची. आरशासमोर डोळे ताणून बसायची गरज संपली.

या यशाच्या काळात घरी मात्र दुःख होतं. त्यांची पत्नी मार्गारेट लग्नानंतर लगेचच आजारी पडल्या, त्या पुढे धडशा बऱ्या झाल्याच नाहीत. थॉमसन प्रयोगशाळा, जहाज आणि आजारपण अशा तीन आघाड्यांवर सतरा वर्षं धावत होते. मुंबईची लाइन पूर्ण झाली त्याच महिन्यात, १७ जून १८७० ला, मार्गारेट गेल्या.

१८९२ मध्ये ते लॉर्ड झाले. नाव घेतलं ते ग्लासगो युनिव्हर्सिटीजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं. म्हणजे तापमानाच्या एककाला खरं नाव एका नदीचं आहे! १८९९ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच युनिव्हर्सिटीत संशोधक विद्यार्थी म्हणून पुन्हा नाव नोंदवलं. १७ डिसेंबर १९०७ ला त्यांचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटनच्या जवळ, त्यांना पुरलं.

केल्विन यांच्याकडून राहिलेला तुकडा

सगळं त्यांनीच सोडवलं असं नाही. त्यांच्या गणितात इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलताना तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र जो अडथळा आणतं तो, धरलेला नव्हता. तारेच्या मंद ठोक्यांना त्याने फरक पडत नव्हता. वेगवान सिग्नलला पडतो. हा तुकडा जोडला ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी. तारघरातली नोकरी सोडून घरी बसून स्वतःच शिकलेला हा माणूस. इम्पीडन्स हा शब्द त्यांचाच, १८८६ चा. मोठे लोक त्यांना हसत होते तेव्हा, १८८९ मध्ये, इंजिनिअरांच्या संस्थेच्या अध्यक्षपदावरून त्यांच्या कामाची जाहीर वाखाणणी केली ती थॉमसन यांनीच.

साटा केबलमधल्या तारांच्या जोडीचा इम्पीडन्स १०० ओहम ठेवलेला असतो. तो मध्येच बदलला की सिग्नलचा काही भाग आरशावर आदळल्यासारखा मागे फिरतो. केबल करकचून दुमडली की आतल्या तारांमधलं अंतर बदलतं आणि नेमकं हेच होतं.

आता तुमची केबल निवडू

आधी जुनी आणि नवी केबल यातला फरक बघू. आरोंद्याला तेरेखोलच्या काठावर उभे आहात, पलीकडे गोवा. सोळा होड्या एकदम सोडल्या आणि अट घातली की सगळ्या एकाच क्षणी पलीकडे लागल्या पाहिजेत. जवळ असेल, वेग कमी असेल तर जमेल. वेग वाढवला की कुणी पुढे, कुणी मागे. आयडीई केबल अशी सोळा बिट एकदम पाठवायची. म्हणून तिची लांबी ४६ सेंटिमीटरच्या आत ठेवावी लागे आणि वेग वाढला तेव्हा ४० तारांच्या मध्ये आणखी ४० ग्राउंडच्या तारा घालाव्या लागल्या.

साटाने सोळा होड्या सोडून दिल्या. बिट एकामागोमाग एक, पण प्रचंड वेगाने. त्यासाठी दोन तारांची जोडी, दोन्हींत उलटसुलट सिग्नल. शेजारून चाललेल्या दोन होड्या लाट आली की सारख्याच वर उचलल्या जातात, पण दोघींमधला फरक तसाच राहतो. चिप तो फरक तेवढा वाचते, बाहेरचा गोंगाट आपोआप गळतो. साटा केबलमध्ये जायला एक जोडी, यायला एक जोडी आणि तीन ग्राउंड, अशा सात तारा असतात.

मग केबल घेताना काय बघायचं?

लांबी: साटाची मर्यादा १ मीटर. पण मर्यादा आहे म्हणून मीटरभर घेऊ नका. कॅबिनेटमध्ये दोरीने मोजा. बहुतेक वेळा ३० ते ५० सेंटिमीटर पुरते. एक्स्टेन्शन जोडून लांबी वाढवणं टाळा.

तारेची जाडी: वर्णनात एडब्ल्यूजी हा आकडा असतो. आकडा लहान, तार जाड. २६ एडब्ल्यूजीची तार ३० पेक्षा जाड. छोट्या केबलला दोन्ही चालतात, पण लांब केबल घ्यायची वेळ आलीच तर जाड बघा.

साटा ३ चा शिक्का: १.५, ३ आणि ६ गिगाबिट हे वेग पोर्ट आणि ड्राइव्हचे. केबलची रचना तिन्हींना तीच. त्यामुळे चांगली जुनी केबल एसएसडीलाही चालते. नुसत्या शिक्क्यासाठी जास्त पैसे देऊ नका. रंगाला तर काहीच अर्थ नाही.

टोक: धातूची क्लिप असलेली केबल घ्या, ती हलून निसटत नाही. जागा अडचणीची असेल तर काटकोनी टोक घ्या, पण ते कोणत्या दिशेला वळतं ते आधी बघा, नाहीतर शेजारचं पोर्ट झाकलं जाईल. डेटाचं टोक अरुंद, सात संपर्कांचं. पॉवरचं रुंद, पंधरा संपर्कांचं. बसत नसेल तर जोर लावू नका. जोर लावणाऱ्याचं काय झालं, ते वर वाचलंच आहे.

वळण: मोठं, गोल वळण द्या. झिप टाय आवळून घडी घालू नका.

हवा: कोकणातली खारी, दमट हवा धातूच्या संपर्कांना खाते. कॅबिनेटचं झाकण उघडं टाकू नका. ड्राइव्ह गायब होत असेल तर पीसी बंद करून, प्लग काढून, केबल दोन्ही टोकांनी एकदा काढून पुन्हा बसवा. अनेकदा तेवढ्यानेच भागतं.

केबल लागते का: एसएसडी एम.२ प्रकारचा असेल तर तो थेट मदरबोर्डवर बसतो, केबल नकोच. मात्र एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. तुमचा स्लॉट कोणता चालवतो, ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघूनच ऑर्डर करा. दोन कारखान्यांचा उलटा पीळ आठवतोय ना?

आणि तुमच्या फोनमध्ये? तिथेही हाच बदल झालाय. स्वस्त फोनमधलं ईएमएमसी स्टोरेज आठ तारांवरून समांतर डेटा पाठवतं. यूएफएस स्टोरेज साटासारखं, जोडीच्या तारांवरून एकामागोमाग एक. बॉक्सवर यूएफएस लिहिलेलं बघून तुम्ही फोन निवडता, तेव्हा नकळत डेटाची वाटच निवडत असता.

आजच करून बघा

थॉमसन यांनी केबल कधी डोळ्यांनी पारखली नाही, मोजून पारखली. तुम्हालाही ते जमेल. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. ड्राइव्हच्या यादीत १९९ क्रमांकाची, किंवा सी७ अशी, सीआरसी एररची ओळ शोधा. ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये वाटेत किती वेळा डेटा बिघडला, ते ही ओळ मोजते. हा आकडा कधी शून्यावर परत येत नाही, म्हणून जुना आकडा बघून घाबरू नका. तो लिहून ठेवा, चार-पाच जीबीची फाइल कॉपी करा आणि पुन्हा बघा. वाढला असेल तर एसएसडी परत पाठवण्याआधी केबल बदला. आकडा तिथेच थांबला, तर चोर सापडला.